रात्री विझणारा स्टोव्ह

मला लाकडाचा स्टोव्ह घ्यायचा होता तो एकाच अटीवर. रात्री झोपताना भरायचा, आणि सकाळपर्यंत कोणी उठून त्याच्याकडे बघायचं नाही. रंग कुठला, काच केवढी, ज्वाळा किती सुंदर दिसतात, यात मला रस नव्हता. स्टोव्ह माझ्या सासऱ्यांसाठी होता. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आणि त्या ऑक्टोबरात त्यांनी जाहीर केलं होतं की हिवाळाही आपण डोंगरातल्या केबिनमध्येच काढणार. एकट्याने.

केबिन म्हणजे फार काही नाही. एक खोली, शिडीने चढायचा माळा, न्हाणीघर आणि पुढे लाकडी ओटा. जपानमधल्या आमच्या सेंदाई शहरापासून गाडीने तासाभरावर. एका जोडप्याने उन्हाळ्यापुरती बांधली होती, मुलं येईनाशी झाली म्हणून विकून टाकली. आम्ही ती शनिवार-रविवारसाठी घेतली. सासरे भारतातून कायमचे आमच्याकडे आले (त्यांच्या व्हिसासाठी किती खेटे घातले ते सांगत बसत नाही), आणि त्याच्या पुढच्या वर्षी, मे महिन्यात, आमच्याबरोबर तिथे आले. रविवारी संध्याकाळी आम्ही निघालो तर म्हणाले, "तुम्ही जा. मी पुढच्या शनिवारपर्यंत राहतो." पुढचा शनिवार आला, त्याच्या पुढचाही आला. ते राहिलेच.

सांगलीला ते बँकेत होते. सासूबाई गेल्यावर घर बंद करून इथे आले. आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. नवरा विद्यापीठात धातूंवर संशोधन करतो, मी तिथल्याच दुसऱ्या विभागात प्रयोगशाळेची खरेदी आणि देखभाल बघते. दोघंही सातच्या आत घरी नसतो. लिफ्टमध्ये शेजारी वाकून नमस्कार करतात आणि मजल्यांचे आकडे बघत उभे राहतात. केबिनमागे मात्र बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मेथी, कोथिंबीर आणि मुळे लावले होते. उताराखालच्या घरात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी एकट्याच राहतात. त्या बाबांना रोपं देत, बाबा त्यांना मेथीच्या जुड्या देत. मेथीचं त्या काय करत होत्या कोण जाणे, पण परत कधी दिली नाही. दोघं ओट्यावर बसून गप्पा मारत. बाबांना जपानीतले दहा शब्द येतात, त्यातले चार भाज्यांचे. आजींची बोली खास इथल्या डोंगरातली, ती मलाही अर्धीच कळते. बाबा मराठीत बोलत, त्या त्यांच्या बोलीत, आणि दोघं एकमेकांना होकार देत. मी हे पाहिलं तेव्हा आधी हसले आणि मग लक्षात आलं, आमच्या फ्लॅटमध्ये एवढं बोलणं आठवड्याभरात होत नाही.

तरी हिवाळ्याला मी नाही म्हणाले. आदल्या वर्षी फ्लॅटमध्येच ते रात्री बाथरूमला जायला उठले आणि अंधारात पडले. मनगटावर निभावलं. केबिनमध्ये बर्फ गुडघ्याच्या वर येतो, रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. तिथे पडले असते तर कोणाला कळलं असतं?

"फ्लॅटमध्ये तुम्हाला काय कमी आहे?" मी विचारलं.

"काही कमी नाही. तिथे मी दिवसभर तुमची वाट बघतो. इथे मला वेळ नसतो."

उत्तर नसलं की मी अट घालते, ती कामाची सवय आहे. मी म्हटलं, सकाळी उठताना खोली पंधरा अंशांच्या खाली गेलेली नको, आणि त्यासाठी तुम्ही रात्री एकदाही उठायचं नाही. एवढं जमणारं यंत्र मिळालं तर राहा. नाही मिळालं तर मुकाट गाडीत बसा. ते म्हणाले, मंजूर.

विजेचा हीटर बाद होता, कारण बर्फाने तारा तुटल्या की तिथे वीज जाते, आणि ती नेमकी सगळ्यात थंड दिवशी जाते. रॉकेलचा हीटर झोपताना चालू ठेवण्यात अर्थ नाही, शिवाय ते जड डबे उचलणार कोण? राहिलं लाकूड. म्हणून एका शनिवारी आम्ही तिघं शहराबाहेरच्या स्टोव्हच्या दुकानात गेलो.

दुकान छान होतं. दोन-तीन स्टोव्ह पेटवलेले, बाकीचे ओळीने मांडलेले. मालक साठीचा, जाड स्वेटर घातलेला, नखांत काजळी. बाबा लहान स्टोव्ह ओलांडत सरळ टोकाला गेले आणि सगळ्यात मोठ्यापुढे उभे राहिले. काळंकभिन्न बिडाचं धूड, दोन पल्ल्यांचं दार. त्यांनी त्यावर कलिंगड बघतात तशी टिचकी मारली.

"हा घ्या. याच्यात अख्खा ओंडका जाईल."

"बाबा, आपली खोली केवढी, हा केवढा."

"असू दे. उद्या चार माणसं आली तर?"

आमच्या घरात सगळं वाढत्या अंगाचं घेतात. गणवेश, कुकर, पातेली, फ्रीज. नवऱ्याचा लग्नातला सूट वीस वर्षांनंतरही त्याला ढगळ होतो, कारण तो बाबांनी शिवायला टाकला होता. अंग काही वाढलं नाही. त्यामुळे नवराही त्या धुडाभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, तसा वाईट नाही.

मालकाने शांतपणे समजावलं. एवढ्याशा खोलीत हा नीट पेटवला तर तुम्हाला जानेवारीत खिडक्या उघडाव्या लागतील. ते नको म्हणून हवा कमी केली तर लाकूड नुसतं घुसमटत राहील, काच काळी होईल, धुरांड्यात काजळी धरेल, आणि ती काजळी एक दिवस स्वतःच पेट घेईल. नाकापेक्षा मोती जड, असं मी बाबांना भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, त्याला विकायचा नाहीये वाटतं.

लहान स्टोव्ह खोलीच्या मापाचे होते, पण त्यांच्या पोटात मावणारं लाकूड तीन तासांत संपत होतं. मी माझी अट सांगितली. मालकाने मधल्या आकाराचा एक दाखवला. ओकची जाड लाकडं भरून झडप जवळजवळ बंद केली, तर सकाळी आत निखारे मिळतील. 'मिळतील' म्हणण्याआधी त्याने दातांच्या फटीतून लांब हवा ओढली. इथे इतकी वर्षं काढल्यावर त्या आवाजाचा अर्थ मला माहीत आहे: अवघड आहे. पण अट पुरी करणारा दुसरा स्टोव्ह तिथे नव्हता. मी म्हटलं, हाच घेऊ.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "भरलेली आग, झोपलेला माणूस, आणि रात्री जमीन हलली तर?"

आमच्याकडे जमीन हलते. पलंगाखाली बूट आणि टॉर्च ठेवून झोपायची सवय झालेली आहे. मी म्हटलं, स्टोव्ह जमिनीला बोल्टने बसवून घेऊ. तो म्हणाला, धुरांड्याचं काय? बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "कोयनेच्या वेळी मी वीस वर्षांचा होतो. कॉटसकट या भिंतीकडून त्या भिंतीला गेलो होतो. मला भूकंप शिकवू नका." वडिलांसमोर नवरा नेहमीच लवकर गप्प बसतो, तेवढ्यापुरतं त्याचं वय वाढलेलं नाही.

इथली पद्धत अशी, की घरात ठोकाठोक होणार असेल तर आधी शेजाऱ्यांकडे छोटीशी भेट घेऊन जायचं आणि होणाऱ्या त्रासाबद्दल माफी मागून ठेवायची. धुरांड्यासाठी छप्पर कापावं लागणार होतं. शेजारी म्हणजे आजीच. मी टॉवेलची खोकी घेतली, बाबांनी मेथीची जुडी घेतली, आणि आम्ही उतार उतरून गेलो.

आजींनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. कोपऱ्यात त्यांचा पत्र्याचा स्टोव्ह होता, कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो, पातळ, थोडा वाकलेला. लाकूड घातलं की ढणढणतो आणि संपलं की लगेच गार पडतो. त्यावर किटली होती. चहा झाला. मी तयारीने गेले होते. वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागेल, ही इथली नेहमीची तक्रार. म्हणून मी आधीच सांगून टाकलं, की स्टोव्ह चांगल्या प्रतीचा आहे, धूर फारसा होणार नाही.

त्यांनी ते ऐकलं आणि विचारलं, "सकाळी किती वाजता पेटवणार?"

"पेटवावा लागणारच नाही," मी जरा अभिमानाने सांगितलं. "रात्री भरला की सकाळपर्यंत जळत राहतो. त्यांना उठावं लागू नये म्हणूनच तर घेतोय."

आजींनी कप खाली ठेवला. "मग मला कसं कळणार?"

मला प्रश्न समजला नाही. त्यांनी मोरीवरच्या खिडकीकडे बोट केलं. तिथून आमचं छप्पर दिसत होतं, पूर्ण नाही, वरची कड. मग त्यांनी सांगितलं ते मी दोनदा विचारून नीट समजून घेतलं. ओढ्यापलीकडे एक घर आहे. त्यात त्यांच्या यजमानांचा चुलतभाऊ राहायचा, तोही एकटा. सकाळी तांदूळ धुताना त्या पलीकडे बघायच्या, तो इकडे बघायचा. धूर दिसला की दोघं आपापल्या कामाला लागायचे. एका सकाळी उशिरापर्यंत धूर दिसला नाही, म्हणून त्या गेल्या. तो मांडीचं हाड मोडून जमिनीवर पडला होता. त्यानंतर बरीच वर्षं जगला. आता ते घर रिकामं आहे. आमच्याकडे स्टोव्ह येणार हे ऐकल्यापासून त्यांच्या मनात होतं, की या हिवाळ्यात त्या छपरावर धूर दिसेल.

मी म्हटलं, दिवा तर दिसेलच की.

"दिवा विसरला तरी चालूच राहतो," आजी म्हणाल्या. "धूर माणसाने उठून काढावा लागतो."

बाबा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते. "काय म्हणतात शेजारीणबाई?"

"आणखी चहा घ्या म्हणतात."

त्यांनी कप पुढे केला.

चढ चढताना मी स्वतःलाच दोष देत होते. प्रयोगशाळेत कुठलंही यंत्र घेताना मी विक्रेत्याला एक प्रश्न हटकून विचारते: हे बंद पडलं तर मला कसं कळेल? फ्रीजर आतून गार आहे की नाही हे दार न उघडता कळलं पाहिजे, नाहीतर सोमवारी सकाळी कोणाचं तरी वर्षभराचं काम सडलेलं मिळतं. इथे मी लाकडाचं माप विचारलं, धुरांड्याची उंची विचारली, आणि हे विचारलं नव्हतं. चांगला पेटलेला स्टोव्ह धूर काढतच नाही, काढतो तो फक्त पेटवताना, पहिली दहा-पंधरा मिनिटं. माझा रात्रभर चालणारा स्टोव्ह एकतर रात्रभर बारीक धूर सोडत राहिला असता, नाहीतर मुळीच नाही. दोन्हीकडून सकाळी छपरावर बातमी शून्य.

ओट्यावर पोचल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. ते तोंड वाकडं करून ऐकत होते.

"म्हणजे हजेरी."

"हो."

"बँकेत मस्टरवर सही करायचो. आता छपरावर."

"तसंच समजा."

"आणि एखाद्या दिवशी नाही काढला धूर तर?"

"तर त्या काठी टेकत, बर्फातून हा चढ चढून येतील. तुम्हाला चालत असेल तर खुशाल लोळत पडा."

बाबांनी खाली आजींच्या घराकडे पाहिलं, मग चढाकडे. "साडेसहा," ते म्हणाले. "त्याच्या आधी मी उठणार नाही. सांग त्यांना."

नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, त्यापेक्षा एक कॅमेरा लावू, आपल्याला मोबाइलवर दिसेल. बाबांनी ते शेजारी उभं राहून ऐकलं आणि सांगितलं, कॅमेरा लावलात तर त्याच्यावर टॉवेल वाळत घालीन. मलाही तो उपाय पटत नव्हता. मोबाइलवर दिसलं तरी आम्ही तासभर लांब, आणि बर्फात दोन तास. नुसतं उंटावरून शेळ्या हाकणं. आजी पाच मिनिटांवर होत्या.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं पुन्हा दुकानात गेलो आणि मी मालकाला म्हटलं, अट बदलली. मला असा स्टोव्ह हवा जो रात्री विझतो, पण खोली गार होऊ देत नाही, आणि सकाळी पेटवावाच लागतो. या वेळी त्याने दातांतून हवा ओढली नाही. त्याने आम्हाला एका कोपऱ्यात नेलं. तिथे उंच, अरुंद, बाहेरून राखाडी दगडाचं कवच असलेला एक स्टोव्ह होता. संध्याकाळी दोन-अडीच तास चांगला रसरशीत पेटवायचा. झोपायच्या वेळेपर्यंत आग संपते. नंतर दगड सकाळपर्यंत हळूहळू ऊब सोडत राहतो. आमच्या केबिनएवढ्या खोलीला तो पुरतो. मी विचारलं, हा मागच्या वेळी का नाही दाखवलात? तो म्हणाला, तुम्ही रात्रभर जळणारा मागितला होता. हे मात्र खरं होतं.

नवऱ्याचा भूकंपाचा प्रश्नही त्यात सुटला. झोपलेल्या माणसाजवळ आगच नव्हती. बाबांनी दगडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आकाराने जरा बेताचाच आहे." पण ते सवयीने.

वजन हीच अडचण होती. दगड तो दगड. केबिनची जमीन एवढा भार घेईल का हे बघायला मी टॉर्च घेऊन खाली सरपटत गेले. नवरा बाहेरून मापाची पट्टी धरून उभा होता आणि मला खाली कोळी किती आहेत ते विचारत होता. खाली तुळया बऱ्या होत्या, पण नेमक्या त्या जागी नव्हत्या. सुताराकडून दोन जादा टेकू बसवून घेतले. नोव्हेंबरच्या मध्याला स्टोव्ह आला. चार माणसांनी तो आत नेला तेव्हा बाबा त्यांच्या पुढे उलटे चालत "सावकाश, सावकाश" म्हणत होते. कोणाला कळत नव्हतं, पण सगळे सावकाश चालले.

पहिल्या दिवशी लहान आग करायची, दगडाला हळूहळू सवय होऊ द्यायची, असं मालक बजावून गेला. त्याची गाडी वळणापलीकडे गेल्यावर बाबांनी पिशवीतून दूध काढलं. नवीन घरात दूध उतू घालवतात, आणि त्यांच्या मते केबिनला आत्ता कुठे चूल मिळाली होती, म्हणजे घरपण आजपासून. मी म्हटलं, पातेलं मोठं घ्या म्हणजे खाली सांडणार नाही. ते म्हणाले, सांडलं नाही तर उतू गेलं कसं म्हणायचं? लहान आगीवर दूध तापायला सुमारे तास लागला. आम्ही तिघं खुर्च्या ओढून त्याच्याकडे बघत बसलो. शेवटी ते उतू गेलं, पुढच्या बाजूने ओघळलं, आणि दगडाने पिऊन टाकलं. महिनाभर स्टोव्ह तापला की खोलीत खरवडीचा वास यायचा. ओघळाचा डाग अजून आहे. मालक दुरुस्तीला आला तेव्हा त्याने वाकून डाग पाहिला, आणि तो इतका सभ्य माणूस आहे की काही विचारलं नाही.

पहिली कडक थंडी पडली त्या शनिवारी मी परीक्षा घ्यायला राहिले. माळ्यावर झोपले. सकाळी उतरून थर्मामीटर पाहिलं. चौदा.

"पंधरा ठरलं होतं," मी म्हटलं.

बाबा पांघरुणातूनच म्हणाले, "पंधराच आहे."

"चौदा, बाबा. इथे लिहिलंय."

"तुझं यंत्र खिडकीशी आहे. मी खिडकीत झोपतो का?"

मी थर्मामीटर त्यांच्या उशाशी आणून ठेवलं आणि चहा केला. चहा होईपर्यंत ते सोळा झालं. शेजारी माणूस होता, चहाची वाफ होती, मान्य. कामाच्या ठिकाणी असली मोजणी मी पहिल्या फटक्यात परत पाठवली असती. तिथे मी ती स्वीकारली. मग ते उठले, स्टोव्हपुढे स्टुलावर बसले, ढलप्या रचल्या आणि काडी लावली. मी ओट्यावर जाऊन पाहिलं. छपरावरून पांढरा धूर सरळ वर जात होता. खालच्या स्वयंपाकघराची खिडकी सरकली आणि एक हात बाहेर येऊन हलला.

हिवाळा असा सुरू झाला. मी रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी फोन करायचे, ते रोज तेच सांगायचे. उठलो, पेटवला, चहा झाला. धूर नीट दिसावा म्हणून त्यांनी आपल्या डोक्याने एक सुधारणा केली होती, ती मला उशिरा कळली. पेटवताना वर एक ओलसर फांदी ठेवायचे. मालकाला कळलं असतं तर तो रडला असता. मी धुरांडं साफ करणाऱ्याला एकदा जास्त बोलावलं आणि विषय संपवला.

एकदाच चुकलं. रात्रभर बर्फ पडला होता, बाहेर सगळं निःशब्द, आणि ते झोपून राहिले. दारावर थाप पडली तेव्हा उघडून बघतात तर आजी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फावडं, चढावर मागे त्यांनी स्वतः उपसलेली वाट. त्या दारातच त्यांना बोलल्या. भरपूर बोलल्या.

"रागावल्या," बाबांनी मला फोनवर सांगितलं.

"काय म्हणाल्या?"

"ते कसं कळणार? पण सगळं समजलं."

मी म्हटलं, बरं झालं. ते म्हणाले, तू तसंच म्हणणार.

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी त्यांचाच फोन आला, मी मीटिंगमध्ये असताना. ते कधी त्या वेळी फोन करत नाहीत. मी बाहेर येऊन घेतला.

"खालून धूर नाही," ते म्हणाले.

मला क्षणभर कळेना. "कुठून?"

"शेजारीणबाईंच्या घरून. नऊ वाजून गेले."

"तुम्ही त्यांचा धूर बघता?"

"पहिल्या दिवसापासून. एकीकडूनच कसं चालेल?"

ते आधीच जाऊन आले होते. तो उतार, तो बर्फ, त्यांचा तो दुखरा गुडघा. यावर काही बोलायची ती वेळ नव्हती. दार लावलेलं होतं, हाका मारून झाल्या, खिडकीतून आत बघून झालं. आत कोणी दिसत नव्हतं. "पण मोरीपाशी पडल्या असल्या तर खिडकीतून दिसणार नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी सासूबाईंच्या वेळी ऐकला होता तसा होता, अगदी सपाट. मी त्यांना केबिनमध्ये जाऊन स्टोव्हपाशी बसायला सांगितलं आणि वस्तीच्या मंडळाच्या प्रमुखाला फोन लावला. त्याने चौकशी केली. आजी बहिणीबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यावर दोन दिवसांसाठी गेल्या होत्या. आदल्या संध्याकाळी बहिणीचा मुलगा येऊन घेऊन गेला. सांगायला कोणाला जायचं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नव्हता. ओढ्यापलीकडचं घर रिकामं झाल्यापासून त्यांचा धूर बघणारं कोणी नव्हतं.

त्या परत आल्या त्या संध्याकाळी आम्ही तिथे होतो. बाबा रस्त्यापर्यंत गेले आणि गाडीतून उतरणाऱ्या आजींना त्यांनी मराठीत झापलं.

"अहो, सांगून जायची पद्धत आहे की नाही? माणसाने काय समजायचं? मी इथे बर्फात हाका मारतोय, आणि तुम्ही तिथे पाण्यात डुंबताय!"

बहिणीचा मुलगा घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी भाषांतर केलं नाही. आजी कमरेत वाकून माफी मागत राहिल्या, पुन्हा पुन्हा, आणि वाकलेल्या असताना हसत होत्या. त्यानंतर कुठे जायचं झालं की त्या आदल्या दिवशी चढ चढून येतात, आपल्या धुरांड्याकडे बोट करतात आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवतात. मग जितके दिवस नसणार तितकी बोटं. बाबा मान डोलावतात.

मी रोजचा सकाळचा फोन बंद केला. म्हणजे बाबांनीच बंद करायला लावला. पेटवताना फोन आला की ढलप्या विझतात, असं कारण दिलं.

एप्रिलमध्ये, बर्फ फक्त सावलीत उरला होता तेव्हा, आजी मला सांगायला आल्या की वरच्या अंगाला कोणीतरी ओकची झाडं उतरवतोय, लाकूड स्वस्तात सुटेल. पहिल्या हिवाळ्यासाठी आम्ही वाळवलेलं तयार लाकूड विकत घेतलं होतं. हे ओलं होतं. आत्ता फोडून, रचून, वर पत्रा टाकून ठेवायचं. येत्या हिवाळ्यात ते जळणार नाही, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जळेल.

बाबा मागे वाफ्यात मेथी पेरत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, दोन वर्षांचा हिशेबही सांगितला. त्या वयाची माणसं अशा वेळी 'तोवर मी असेन की नाही' म्हणतात, तसंच तेही म्हणणार, असं मला वाटलं, आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते मी मनात तयार करत होते.

त्यांनी हात झटकले. "एका गाडीत किती येतं?"

मी आजींना विचारून सांगितलं.

त्यांनी ओट्याखालची जागा पाहिली. मग खाली आजींच्या छपराकडे पाहिलं.

"दोन गाड्या सांग," ते म्हणाले. "त्यांना पण लागेल."

मी फोन काढला आणि दोन गाड्या सांगितल्या.